कागद येईल तेव्हा येईल, तुम्ही गुरुवार ठरवा

प्रश्न एका आईचा आहे. त्या म्हणतात, आमच्या भागातल्या दोन सरकारी शाळा आणि आम्ही सात-आठ पालक मिळून विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काहीतरी नीट व्यवस्था लावायची म्हणतोय. बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्या मुलाला तिथल्या कौन्सिलने ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाला शिक्षणात-आरोग्यात काय मदत द्यायची त्याचा लेखी आराखडा, करून दिलाय, कायद्याने बांधलेला. तसं काही इंदुरात वॉर्डापुरतं तरी करता येईल का? आणि सुरुवात म्हणून सगळ्या मुलांची आधी दिव्यांगतेची प्रमाणपत्रं काढून घेऊ का?

ताई, शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते कारण सगळे तिथेच अडकतात. प्रमाणपत्रं काढा, जरूर काढा, पण एका बाजूला. त्यावर थांबू नका. मी सव्वीस वर्षं हे काम करतेय, आधी विशेष शाळेत, मग सरकारी एमआरसी म्हणून म्हणजे मोबाइल स्रोत सलाहकार, नाव भारी आहे पण काम म्हणजे स्कूटीला पिशवी अडकवून शाळा-शाळा फिरणं, आणि आता स्वतःचं छोटं सेंटर आहे. या सगळ्यात मी एकच गोष्ट परत परत बघितली, मदत कागदाला बांधली की सगळे कागदाच्या मागे पळतात. आई पळते, मास्तर पळतात, मीही पळालेय. आणि मूल तिकडे वर्गात शेवटच्या बाकावर बसून असतं ते तसंच.

इंग्लंडचंच घ्या, तुमच्या बहिणीला विचारा तो प्लॅन मिळायला किती दिवस लागले. तिथे २०१४ च्या कायद्याने हे ईएचसी प्लॅन आले, शून्य ते पंचवीस वयापर्यंत चालतात, आणि मागणी केल्यापासून २० आठवड्यांत प्लॅन हातात पडला पाहिजे असा नियम आहे. २०२४ मध्ये जे नवीन प्लॅन झाले त्यातले निम्मेसुद्धा या मुदतीत झाले नाहीत. आणि प्लॅन असलेल्यांची संख्या जानेवारी २०२५ मध्ये सहा लाख अडतीस हजारांच्या वर गेली, दरवर्षी वाढतेच आहे, कौन्सिलांची तिजोरी त्यात रिकामी होतेय आणि आईबाप ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अशा वादांच्या कोर्टात. का वाढतेय, तर लोकांना वाटतं प्लॅन नसेल तर शाळा काही करणारच नाही. म्हणजे श्रीमंत देशातही तेच, कागदाच्या मागे पळणं. त्यांच्याकडे निदान कोर्टात जाऊन उपयोग होतो, आपल्याकडे बाबू फाइल वर ठेवतो की खाली ठेवतो यावर सगळं.

पण तिथली एक गोष्ट मला फार आवडते आणि तिच्याबद्दल इथे कोणी बोलत नाही. २०२५ मध्ये तिथे शाळेत साधारण ५.३ टक्के मुलांकडे प्लॅन होता, आणि १४.२ टक्के मुलं 'सेन सपोर्ट'वर होती (सेन म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा), म्हणजे प्लॅनबिन काही नाही, शाळेने स्वतः ओळखलं, स्वतः ठरवलं, काही आठवडे करून बघितलं, परत बसून तपासलं. प्रत्येक साध्या शाळेत एक सेन्को असावा लागतो, शिक्षकच असतो तो, त्याचं हेच काम. तुम्हाला इंदुरात उचलायचं असेल तर हे उचला. प्लॅनची कायदेशीर फाइल उचलू नका, ती पेलणारी यंत्रणा ना आपल्या वॉर्डात आहे ना झोनमध्ये.

आता इथला कायदा काय म्हणतो ते बघा, कारण हेडमास्तर पहिलं वाक्य हेच टाकतील की मॅडम आधी सर्टिफिकेट आणा. दिव्यांग अधिकार कायदा २०१६ चा, त्यात कलम ३१ आहे, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, ते ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्यांसाठी, तिथे कागद लागतो. पण कलम १६ वेगळं आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, आणि वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असेल तर ती लवकरात लवकर शाळेनेच ओळखायची, असं त्यात आहे. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. मी या कलमाची हिंदी प्रत लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते, खरंच ठेवते, हसू नका, दोनदा कामी आलीय.

आणि कागदावर थांबण्यातला खरा घोळ सांगते. डिस्लेक्सियासारख्या अडचणीचं, ज्याला सरकारी भाषेत एसएलडी म्हणतात, त्याचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळतच नाही, आणि मग परत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी. आठ वर्षं म्हणजे मूल तिसरीत. मग पहिली-दुसरीत काय? दोन वर्षं मूल फळ्यावरून चित्र काढल्यासारखी अक्षरं उतरवतं, मॅडम म्हणतात लिहितो छान पण वाचत नाही, घरी म्हणतात लाडावलाय. दोन वर्षांत त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं की मी ढ आहे. ते पुसायला मला नंतर चार वर्षं लागतात, अक्षरं शिकवायला सहा महिने.

शिवाय अर्ज केल्यावरही वेळ जातोच. आधी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिना होती, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलून तीन महिने केली. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, समग्र आयडी (आपल्या राज्याचा कुटुंबाचा ओळख नंबर) आणि आधारमध्ये नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधी तपासा, इंदुरात निम्मी रड तिथेच आहे, मराठी आडनाव हिंदी ऑपरेटरने टाइप केलेलं असतं, 'कुळकर्णी'चं काय काय होतं तुम्हाला माहितीये.

तर आता गुरुवार.

दोन्ही शाळांच्या हेडमास्तरांशी बोलून आठवड्याचा एक वार पक्का करा, मी गुरुवार म्हणते कारण सोमवारी गर्दी असते, मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते आणि कोणी ना कोणी तिकडे गेलेलं असतं, शनिवारी कोणाचं डोकं जागेवर नसतं. त्या दिवशी एक ठरलेली बाई किंवा बुवा, रोज नवीन नाही, तीच व्यक्ती, शाळेत दोन तास असेल. सरकारी एमआरसी येऊ शकत असतील तर उत्तमच, बीआरसी कार्यालयात, म्हणजे ब्लॉकच्या शिक्षण स्रोत केंद्रात, जाऊन त्यांच्या फिरतीच्या टाइमटेबलमध्ये तुमची शाळा लिहून घ्या, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा असतात की दर आठवड्याला येणं जमत नाही, मग महिन्यातून एक गुरुवार त्यांचा आणि बाकीचे तुम्ही आठ पालक मिळून ठेवलेल्या स्पेशल एज्युकेटरचे. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर असलेलाच माणूस ठेवा, नंबर मागायला लाजू नका, हल्ली तीन दिवसांचा कोर्स करून थेरपिस्टची पाटी लावलेले खूप झालेत.

नियमाने बघायला गेलं तर हे तुमच्यावर यायलाच नको. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये साध्या शाळांतही स्पेशल शिक्षक हवेत म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, अनुसूचीत आलंही की पाचवीपर्यंत अशा दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी पंधरा मुलांमागे एक, आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने परत राज्यांना झापलं की पदं मंजूर करा, भरती करा. भरती होईल तेव्हा होईल. तोवर पहिलीतली पोरगी तिसरीत जाईल.

ती व्यक्ती येऊन काय करेल? इथे सगळे चुकतात. मुलाला वर्गातून उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन अर्धा तास कार्ड दाखवायची, हे नाही करायचं, म्हणजे कधीमधी ठीक आहे पण तो मुख्य धंदा नाही. आठवड्यातला अर्धा तास आणि वर्गातले तीस तास, कुठे फरक पडेल सांगा. ती व्यक्ती वर्गात मागे बसेल, मॅडम शिकवतायत ते बघेल आणि मधल्या सुट्टीत मॅडमबरोबर चहा पीत एक पान लिहील. एक पान, जास्त नाही. मुलाला काय येतं, कुठे अडतं, पुढच्या चार आठवड्यांत मॅडम कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या करतील, घरी कोण फोन करेल, आणि परत कधी बघायचं ती तारीख. दोन गोष्टी म्हणजे दोनच, मी सुरुवातीच्या काळात उत्साहात अकरा-अकरा गोष्टी लिहायचे, एका मॅडमने तो कागद डब्याखाली ठेवायला वापरला होता, बरोबरच केलं त्यांनी.

दोन गोष्टी कशा असतात त्याचा नमुना. वाचायला अडणाऱ्या मुलासाठी: अचानक उभं करून वाचायला लावायचं नाही, आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवायचा, आणि टेस्टमधले निम्मे प्रश्न तोंडी घ्यायचे. सेरेब्रल पाल्सीची मुलगी असेल तर पाय जमिनीला टेकतात का ते बघा, टेकत नसतील तर खाली वीट नाहीतर पाट ठेवा, निम्मं अक्षर तिथेच सुधारतं कारण लोंबकळणाऱ्या पायांनी कोणाचाच हात स्थिर राहत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाला घंटेच्या पाच मिनिटं आधी सांगायचं की आता घंटा होणार, आणि दिवसाचं टाइमटेबल चित्रांत बाकावर चिकटवायचं. याला ना बजेट लागतं ना प्रमाणपत्र.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाचं जरा जास्त सांगते कारण त्यात माझीच फजिती झालेली आहे. एका शाळेत एक मुलगा होता, चौथीतला, शिबिरात मोठ्या थाटात त्याला हिअरिंग एड मिळालं, फोटो निघाले, पुढाऱ्याने हात ठेवला डोक्यावर. दोन आठवड्यांनी मी गेले तर मशीन नाही कानात. विचारलं तर आई म्हणाली ताई टोचतं त्याला. मी घरच्यांना समजावत बसले, सवय लागेल, रोज थोडा थोडा वेळ घाला, महिनाभर माझं हेच लेक्चर चालू होतं. मग एकदा त्याच्या बहिणीने सहज सांगितलं की दीदी वो तो बंद है. बॅटरी संपलेली. त्या छोट्या गोल बॅटरीचं आयुष्य आठवडा-दोन आठवडे, शिबिरात जेवढ्या दिल्या तेवढ्या संपल्या, नवीन कुठे मिळतात घरात कोणाला माहीत नाही, आणि बंद मशीन कानात घातलं की बोळा घातल्यासारखं, आहे तेवढंही ऐकू येत नाही. त्याला टोचत नव्हतं, तो हुशार होता. एवढी मोठी एक्सपर्ट मी, बॅटरीचं झाकण उघडून बघितलं नाही.

म्हणून मी शिबिरांवर नाराज असते. आपल्या गावाला शिबिर फार आवडतं, मंडप, माइक, पोहे, वाटप. व्हीलचेअर मोठ्या माणसाच्या मापाची, मूल त्यात एका बाजूला कलंडून बसलेलं. वाटप झालं की आकडा भरला. तुम्ही सुधारणा म्हणून काही करणार असाल तर एवढं करा की वाटपानंतर पंधरा दिवसांनी त्या गुरुवारी कोणीतरी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघेल, चालू आहे का, मापाची आहे का. बास. याला पैसे लागत नाहीत.

मुलं ओळखायची कशी, तर एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं अॅप आहे २०२२ पासून, पहिला भाग साध्या शिक्षकाने भरायचा, त्यात काही निघालं तर दुसरा भाग स्पेशल एज्युकेटरने. निदान नाही ते, नुसती चाळणी आहे, हे पालकांना दहा वेळा सांगा नाहीतर पोरांवर शिक्के बसतात. आरबीएसकेची, म्हणजे सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमाची, तपासणीही शाळेत वर्षातून एकदा व्हायला हवी, त्यांचं पथक येतं तेव्हा तुमची यादी तयार ठेवा, नाहीतर ते सगळ्यांचे दात आणि वजन बघून जातात.

आता आपल्या मराठी घरांची एक वेगळी गोष्ट, ही तुम्हाला पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ सांगणार नाही. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. लिपी एकच असल्यामुळे घोळ अजून वाढतो. मूल 'बाळ' लिहितं, मॅडम लाल रेघ मारतात, 'च' आणि 'ज' घरी दोन-दोन तऱ्हेने उच्चारतात आणि शाळेत एका, आणि मग माझ्याकडे येतं की याला डिस्लेक्सिया आहे. असेल किंवा नसेल. मी आधी आजीला बोलावते. मराठीत गोष्ट सांगतो का, सांगितलेली तीन कामं लक्षात ठेवतो का, यमक जुळवतो का, 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं ते सांगतो का. मराठीतही तिथेच अडत असेल तर अडचण खरी आहे. मराठीत मस्त आणि फक्त शाळेच्या भाषेत अडत असेल तर त्याला भाषा शिकवा, मेडिकल बोर्डासमोर उभं करू नका. टेस्ट हिंदी किंवा इंग्रजीत होते, तिथे बसलेल्या सायकॉलॉजिस्टला तुम्ही स्वतःहून सांगायचं की घरची भाषा मराठी, तशी नोंद रिपोर्टात करा.

आणि कृपा करून घरातली मराठी बंद करू नका. कोणीतरी सांगतं की मूल उशिरा बोलतंय ना मग एकच भाषा ठेवा, आणि आई बिचारी जमेल तशी हिंदी-इंग्रजी बोलायला लागते, आजी तर गप्पच बसते. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. आजी गप्प बसली तर मूल दिवसातले चार तास बोलणं ऐकायचं थांबतं एवढंच होतं.

कागद कुठे लागेल तेही सांगून टाकते, एकदाच. खासगी शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात धरतात, तिथे. मोठ्या परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जास्त वेळ, तिथे. निरामय विमा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगतेसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो, आणि आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. समग्र शिक्षा या सरकारच्या शाळांसाठीच्या योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना महिना २०० रुपये दहा महिने वेगळे. रक्कम काही फार नाही पण ती येते यूडाइसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या, आकड्यांवर, म्हणून हेडमास्तरांकडे जाऊन नम्रपणे बघा की तुमच्या मुलाच्या नावापुढे सीडब्ल्यूएसएनचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांचा, रकाना 'हो' भरलाय का. बऱ्याच ठिकाणी 'नाही' भरलेला असतो, कारण 'हो' म्हटलं की अजून चार रकाने उघडतात. मूल यादीत नाही म्हणजे त्याचे पैसेही नाहीत.

फार गंभीर दिव्यांगता असलेलं मूल असेल तर घरी शिकायचा हक्क आरटीईच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिलाय, पण तो निवडायचा हक्क पालकांचा आहे, शाळेने आपलं ओझं घरी पाठवायची सोय नाही ती. 'इसको घर पर ही पढ़ा लो' असं कोणी म्हणालं तर म्हणायचं, सर हे लेखी द्या. कोणी देत नाही.

तक्रारीचं. १८१ वर सीएम हेल्पलाइन आहे, जनसुनवाई आहे, दोन्ही चालतात, पण वर्गशिक्षिकेच्या विरुद्ध कधीही लावू नका. एकदा एका पालकाने लावली, तक्रार एल-वनवरून, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याकडून, फिरून त्याच शाळेत आली, मॅडमना रात्री नऊ वाजता फोन की बंद करवा, आणि पुढचं अख्खं वर्ष त्या मुलाला वर्गात कोणी हात लावला नाही, ना चांगला ना वाईट. तक्रार करायची ती वस्तूची करा. रॅम्प नाही, एमआरसी तीन महिने आले नाहीत, टॉयलेटला कडी वर आहे. माणसाची नको. आणि त्याआधी शाला प्रबंधन समितीत तुमच्यातल्या एका पालकाला घाला, त्यात तीन चतुर्थांश पालकच असावे लागतात, मीटिंगला कोरम भरत नाही म्हणून हेडमास्तर तुम्हाला आनंदानेच घेतील. मीटिंगच्या रजिस्टरमध्ये गुरुवारचा ठराव लिहून घ्या. हेडमास्तरांची बदली होते, रजिस्टरची होत नाही.

दोन शाळांनीच सुरू करा, तिसरीने मागितलं तरी वर्षभर थांबवा. सुरुवातीला दोन शाळांत मिळून बारा-पंधराच पानं निघाली तरी चालेल. पहिले दोन महिने मॅडम लोक तुम्हाला इन्स्पेक्शनवाले समजतील, वहीत काही चुकीचं लिहिताय का बघतील, म्हणून पान त्यांच्याच हाताने लिहू द्या आणि त्यांच्याच कपाटात राहू द्या. तिसऱ्या महिन्यात एखादी स्वतःहून विचारेल की माझ्याकडे अजून एक आहे, बघता का. ते झालं की समजा जमलं, नाही झालं तर माणूस बदला.

पानाचा नमुना माझ्याकडे हिंदीत आहे कारण शाळेतल्या मॅडम मराठी वाचत नाहीत, फोटो काढून पाठवते. मागच्या बाजूला हिअरिंग एडच्या बॅटरीचे नंबर लिहिलेत, ३१२, १३ आणि ६७५, मशीनवर कुठला लागतो ते बघून त्यावर गोल करा.